सहा कामगार बरोबर एक?

गिरणीत दिवसाला निघालेल्या सुताला कामगारांच्या संख्येने भागले, की दरडोई उत्पादकता मिळते. हा भागाकार चौथीतल्या मुलालाही जमेल. उत्तराचा अर्थ लावताना मात्र मोठमोठे अभ्यासकही अडखळतात. त्याचे एक उदाहरण येथे तपासू.

अर्थेतिहासाचे अभ्यासक ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ साली कापडगिरण्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. १९१० मध्ये न्यू इंग्लंडमधील एक कामगार जितके काम करी, तितक्यासाठी ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत २.३, तर ग्रीस, जपान, भारत व चीनमध्ये जवळजवळ सहा कामगार लागत, असा त्यांचा हिशेब आहे. तंत्रज्ञान, व्यवस्थापन, प्रशिक्षण आणि अंगभूत क्षमता ही कारणे तपासून त्यांनी अपुरी ठरवली. उरले ते स्थानिक संस्कृतीचे फळ, असा निष्कर्ष काढला.

आकडेवारी जमवण्याचे त्यांचे कष्ट आम्हांला मान्य आहेत. आमचा आक्षेप शेवटच्या पायरीला आहे. वजाबाकीनंतर उरलेली बाकी म्हणजे आपल्याला न उलगडलेला भाग. तिला 'संस्कृती' असे नाव दिल्याने ती उलगडत नाही. शिवाय याच यादीत भारताच्या पंक्तीत बसलेल्या जपानने १९३० च्या दशकात कापडाच्या निर्यातीत ब्रिटनला मागे टाकले. पंचवीस वर्षांत यंत्रे, प्रशिक्षण आणि कामाची पद्धत बदलू शकते. संस्कृती इतक्या लवकर बदलते काय?

आपल्या नागपुरातच पाहा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. लँकेशायर जुन्या 'म्यूल' यंत्रांना धरून असताना येथे रिंग पद्धतीच्या चात्यांचे प्रयोग झाले. गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रेही बसवली गेली. कापसाचा तंतू ओलाव्याने अधिक बळकट होतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत वारंवार तुटते आणि सांधण्यासाठी जास्त हात लागतात. म्हणजे एका कामगाराने किती चात्या सांभाळल्या, या आकड्यात हवामानही मिसळलेले असते. हजेरीचा प्रश्नही होताच. त्यावर निवृत्तिवेतन आणि १९०१ पासून भविष्य निर्वाह निधी अशा योजना आल्या. हे उपाय योजणाऱ्यांनी कामगाराचा स्वभाव अटळ मानला नव्हता, हे उघड आहे.

मग कार्यक्षमता मोजायची तरी कशी? समजा, अ, ब आणि क या तीन गिरण्या आहेत. 'अ' मध्ये १०० कामगार ११०० किलो कापसापासून १००० किलो सूत काढतात. 'ब' मध्ये ६० कामगार ११५० किलोपासून ९०० किलो काढतात. दरडोई हिशेबात 'ब' पुढे आहे (१५ विरुद्ध १० किलो). किलोमागे कापूस किती वाया जातो ते पाहिले, तर 'अ' सरस ठरते. दोघींपैकी कोणालाही सरसकट अकार्यक्षम म्हणता येत नाही. 'क' मध्ये मात्र १०० कामगार १३०० किलोपासून १००० किलोच काढतात. 'अ' तितक्याच माणसांत आणि कमी कापसात तेच करते, म्हणून 'क' मागे आहे. एम. जे. फॅरेल यांनी १९५७ साली मांडलेल्या पद्धतीचे सार हेच: उत्तम गिरण्यांची सीमारेषा आखायची आणि इतरांचे तिच्यापासूनचे अंतर मोजायचे. पण ही पद्धतही फक्त अंतर सांगते, कारण सांगत नाही. 'क' मध्ये हवा कोरडी आहे की यंत्रे झिजली आहेत, हे तेथे जाऊनच पाहावे लागते.

एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. गिरणी बंद पडली, की 'कामगारच आळशी' हे वाक्य सहज तोंडी येते. दरडोई आकडा तेवढे सिद्ध करू शकत नाही.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. शाळेच्या निकालाची टक्केवारी काढून शिक्षकाची योग्यता ठरवणाराही हाच भागाकार करत असतो. वरील तीन गिरण्या वर्गात फळ्यावर मांडा आणि 'सर्वांत चांगली कोणती?' असे विचारा. मुलांनी 'कशाच्या हिशेबाने?' असा उलट प्रश्न केला, तर धडा समजला म्हणायचे.