नट तोच, भूमिका नवी : मार्व्हलचे चाहते आणि मार्व्हलची पुढची वाट



२७ जुलै २०२४ ला सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये हिरव्या झग्यातला, धातूचा मुखवटा घातलेला एक माणूस मंचावर आला. त्यानं मुखवटा काढला आणि आतून निघाला रॉबर्ट डाउनी ज्युनियर. सभागृह दणाणून गेलं. ज्या टोनी स्टार्कला २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'च्या शेवटी जगभरच्या लोकांनी, आपल्याकडच्याही हजारोंनी, डोळे पुसत निरोप दिला, त्याचा नट आता डॉक्टर डूम म्हणून परत येणार. नायक म्हणून गेला, खलनायक म्हणून आला! त्या टाळ्या कशासाठी होत्या आणि त्या वाजवणाऱ्यांतलेच कितीतरी जण दुसऱ्या दिवशी कुरकुरायला का लागले, याबद्दल आज आम्हाला बोलायचं आहे.

कुणी म्हणेल, की यात समीक्षा कसली? सिनेमे पोरांचे, पैसा डिस्नीचा. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ मध्ये या चित्रपटांची तुलना करमणुकीच्या पार्कांशी केली होती, आणि ते वाक्य आजही आमच्या तोंडावर फेकलं जातं. आम्हाला ते पूर्ण चुकीचं वाटत नाही. पण पार्कातल्या पाळण्यावर बसलेला माणूस अकरा वर्षं एखाद्या पात्राची वाट पाहत नाही. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून 'एंडगेम'पर्यंत बावीस चित्रपट झाले. दहावीत असताना पहिला पाहिलेला मुलगा शेवटचा पाहायला गेला तेव्हा नोकरीला लागला होता. आपल्याकडे 'एंडगेम'नं तीनशे कोटींच्या वर धंदा केला, इंग्रजीबरोबर हिंदी, तमीळ आणि तेलुगूतून. इतक्या लोकांना ज्या शेवटानं रडवलं, तो शेवट खरा होता की तात्पुरता, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

चाहत्यांची पहिली तक्रार सगळ्यांना पाठ आहे : फार झालं. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत मार्व्हलनं सात चित्रपट आणि आठ मालिका आणल्या. नंतर डिस्नीचे बॉब आयगर यांनीच संख्येपायी दर्जाकडे दुर्लक्ष झाल्याचं मान्य केलं आणि वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट असं ठरलं. तक्रार बरोबरच आहे, पण 'फार झालं' म्हणजे नेमकं काय झालं? २०२३ चा 'द मार्व्हल्स' घ्या. तीन नायिका. एकीची ओळख 'कॅप्टन मार्व्हल' चित्रपटातून, दुसरीची 'वांडाव्हिजन'मधून, तिसरीची 'मिस मार्व्हल' मालिकेतून. म्हणजे तिकीट काढण्याआधी घरचा अभ्यास! त्यात नटांचा संप सुरू होता. तो मिटला आणि दुसऱ्याच दिवशी चित्रपट लागला, त्यामुळे प्रसिद्धीला नटमंडळीच नव्हती. मार्व्हलच्या या मालिकेतला तो सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला.

यावर एक गट लगेच म्हणाला, 'बघा, बायकांचे सुपरहिरो चालत नाहीत.' या गटाचं म्हणणं आम्हाला मत म्हणून मोजायचं नाही, कारण तो चित्रपट पाहून बोलतच नाही. २०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' प्रदर्शित व्हायच्या आधीच 'रॉटन टोमॅटोज'वर तिच्याविरुद्ध शेऱ्यांचा असा मारा झाला, की त्या संकेतस्थळाला प्रदर्शनापूर्वीचे शेरे बंद करावे लागले. त्याच चित्रपटानं पुढे शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली. आणि 'मिस मार्व्हल'मधली फाळणीची गाडी, कराचीच्या दिशेनं निघालेली ती माणसांची गर्दी, हे हॉलीवूडच्या सुपरहिरो-कथेत येईल असं आपल्यापैकी कुणाला वाटलं होतं? ती मालिका शेवटी-शेवटी घसरते, हे खरं. पण तिला मुलीमुळे पाडणं आणि पटकथेमुळे पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आमचा मुख्य मुद्दा. आपल्या नाटकवाल्यांकडे एक छान शब्दप्रयोग आहे : 'नव्या संचात'. जुनं गाजलेलं नाटक, भूमिका त्याच, नट नवे. प्रेक्षक कुरकुर करत येतो, पहिल्या अंकात मनातल्या मनात जुन्या नटाशी तुलना करतो, आणि प्रयोग चांगला असेल तर दुसऱ्या अंकात तुलना विसरतो. तुमच्यातल्या ज्यांनी लहानपणी 'इंद्रजाल कॉमिक्स' वाचली त्यांना वेताळ आठवत असेल. जंगलातल्या लोकांना वाटतं की तो अमर आहे, आणि वाचकाला ठाऊक असतं की हा एकविसावा आहे. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आधीचे वीस कवटीच्या गुहेत निजलेले. मुखवटा टिकतो, माणूस बदलतो. सुपरहिरोची सगळी गंमत या व्यवस्थेत आहे.

मार्व्हलला हे कळत नव्हतं असं नाही. 'एंडगेम'मध्ये म्हातारा स्टीव्ह रॉजर्स आपली ढाल सॅम विल्सनच्या हाती देतो, तो प्रसंग शंभर टक्के 'नव्या संचात'ला आहे. २०२१ च्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' मालिकेनं त्यातला कठीण प्रश्नही विचारला : ज्या देशानं काळ्या सैनिकांवर प्रयोग केले आणि त्यांना तुरुंगात डांबलं, त्याचं चिन्ह काळ्या माणसानं का मिरवावं? आयझाया ब्रॅडली हे पात्र त्यासाठीच होतं. आणि २०२५ च्या 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'नं काय केलं? सॅमची गोष्ट बाजूला ठेवून २००८ च्या हल्कच्या चित्रपटातली उरलीसुरली उधारी फेडत बसला. हॅरिसन फोर्डचा लाल हल्क हे त्यातलं मोठं गुपित, आणि ते ट्रेलरमध्येच फोडलेलं. नवा नट उभा केला, पण त्याला नाटक दिलं नाही. मग लोक म्हणतात, जुनाच बरा होता.

चॅडविक बोझमन २०२० च्या ऑगस्टमध्ये गेला. टी'चालाची भूमिका दुसऱ्याला द्यावी की नाही, यावर चाहत्यांत जो वाद झाला तो आम्हाला या सगळ्या काळातला सर्वांत प्रामाणिक वाद वाटतो. एक बाजू म्हणाली, त्याच्या जागी कुणी नको. दुसरी म्हणाली, हा राजा काळ्या मुलांना पहिल्यांदा पडद्यावर मिळाला आहे, त्याला नटाबरोबर पुरू नका. मार्व्हलनं पहिल्या बाजूचं ऐकलं. 'वकांडा फॉरेव्हर'ची सुरुवात अंत्ययात्रेनं होते, आणि अँजेला बॅसेटची राणी दुःख करते तेव्हा ते पात्राचं आहे की नटीचं, हे सांगता येत नाही. चित्रपटाचा तो भाग आम्हाला आजही हलवतो. तरी आमचा कौल दुसऱ्या बाजूला आहे. भूमिका नटापेक्षा मोठी असते हे मानलं नाही, तर ही परंपरा पुढे जाऊच शकत नाही.

आणि आता डूमच्या निमित्तानं मार्व्हलनं नेमकं उलटं केलं आहे. नट तोच, भूमिका नवी. कॉमिक्स वाचणारे म्हणतात, याला आधार आहे. २०१६ मध्ये कॉमिक्सच्या पानांवर डूमनं स्वतः आयर्न मॅन होऊन पाहिलं होतं. खरं आहे. पण तिथे डूम डूमच होता, टोनीचा चेहरा घेऊन आला नव्हता. दुसरे चाहते आठवण करून देतात की डूम रोमा समाजातला आहे, त्या अपमानातूनच त्याचा अहंकार घडला आहे. त्या चेहऱ्याला काही अर्थ होता, तो सोडून दिला. हा आक्षेप आम्हाला पटतो.

मग स्टुडिओनं असं का केलं? हिशेब साधा आहे. जुने चेहरे आणले की गल्ला भरतो. २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये तीन स्पायडर-मॅन एकत्र आले आणि थिएटरांत शिट्ट्यांनी संवाद ऐकू येईनात. २०२४ च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'नं एकशे तीस कोटी डॉलरच्या वर कमावले. त्या चित्रपटाची सुरुवात आठवा. 'लोगन'मध्ये २०१७ साली मेलेल्या वुल्व्हरिनची कबर डेडपूल उकरतो आणि त्याच्या हाडांनी मारामारी करतो. आम्हीही हसलो. पण स्टुडिओचं सगळं धोरण त्या पाच मिनिटांत स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे : जे पुरलं होतं ते उकरा, आणि त्याच हाडांनी लढा.

याच्या शेजारी २०२५ चा 'थंडरबोल्ट्स' ठेवा. कुणाला नको असलेली माणसं, आणि त्यांच्यात बॉब नावाचा एक उदास तरुण. त्याच्यात देवाएवढी ताकद आहे आणि तेवढाच अंधार. शेवटच्या लढाईत तो आपल्याच सावलीला ठोसे मारत सुटतो. जितकं मारतो तितका अंधार वाढतो. तेव्हा बाकीचे येतात आणि त्याला नुसतं धरून ठेवतात. सुपरहिरोपटात मारामारी थांबवणं हेच शौर्य ठरावं, हे मार्व्हलनं फार क्वचित केलं आहे. चाहत्यांना तो आवडला, समीक्षकांना आवडला, पाहून बाहेर पडणाऱ्यांनीही चांगले गुण दिले. कमाई मात्र फिक्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पेक्षाही कमी. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच जाहिरातींत त्याचं नाव बदलून 'द न्यू अ‍ॅव्हेंजर्स' केलं गेलं. चांगल्या चित्रपटाला जुन्या दुकानाची पाटी लावावी लागली!

'फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स'चंही थोडंफार तेच. साठच्या दशकाचा देखणा नेपथ्यसाज, आधीचं काही पाहिलेलं असण्याची गरज नाही, आणि 'जग वाचवायला स्वतःचं मूल द्याल का?' हा खरोखरचा पेच. पहिला आठवडा जोरात गेला, दुसऱ्यात तो निम्म्याहूनही खाली आला. त्याच जुलैत जेम्स गन यांचा 'सुपरमॅन' मात्र मार्व्हलच्या २०२५ च्या तिन्ही चित्रपटांच्या पुढे गेला. नवा नट, जुनी भूमिका. म्हणजे लोकांना सुपरहिरोंचाच कंटाळा आला आहे, हे काही आम्हाला मान्य नाही.

आम्हाला वाटतं, प्रेक्षकाचा विश्वास उडाला आहे. 'मल्टिव्हर्स' आल्यापासून कुणीही मेला तरी दुसऱ्या विश्वातून त्याची प्रत मागवता येते. मरणाला किंमत नाही, मग त्यागाला तरी काय असणार? टोनी स्टार्कच्या शेवटच्या चुटकीचं वजन कशात होतं? तो परत येणार नव्हता, यात. चाहते 'फार झालं', 'दर्जा गेला', 'घरचा अभ्यास' असं निरनिराळं बोलतात तेव्हा आम्हाला त्याखाली ही एकच तक्रार ऐकू येते, की पुढच्या वेळी आम्ही रडलो तर ते खरं धरायचं का? टाळ्या वाजवणारेही तेच आणि कुरकुरणारेही तेच, हे त्यामुळेच. माणूस परत भेटल्याचा आनंद खरा असतो. आपण फसवले गेलो, हे घरी गेल्यावर लक्षात येतं.

चाहत्यांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. मार्च २०२५ मध्ये मार्व्हलनं 'डूम्सडे'मधल्या नटांची नावं लिहिलेल्या खुर्च्या एकेक करून पाच तासांहून जास्त वेळ थेट दाखवल्या. सत्तावीस खुर्च्या! आणि जगभरचे लोक त्या पाहत बसले. त्यांत पॅट्रिक स्ट्यूअर्ट आणि इयन मॅकेलन यांच्याही होत्या. कथेचा एक शब्द न सांगता नुसत्या नावांवर जिथे एवढी गर्दी जमते, तिथे लेखकाला कोण विचारणार? मागच्या आठवणींना रोज टाळी देणाऱ्यानं नव्या पात्राला दोन चित्रपटांची तरी उसंत द्यायला हवी. पडद्यावरचे इफेक्ट्स हास्यास्पद झाले म्हणून 'क्वांटमेनिया'ची खिल्ली सगळ्यांनी उडवली. पण ते बनवणाऱ्या मार्व्हलच्या कामगारांनी २०२३ मध्ये एकमतानं संघटना बांधली, ती बातमी त्यांपैकी किती जणांनी वाचली?

'डूम्सडे' डिसेंबर २०२६ मध्ये येणार, असं जाहीर झालं आहे आणि त्यानंतर वर्षभरानं 'सीक्रेट वॉर्स'. आम्ही जाऊ, पहिल्याच आठवड्यात जाऊ, शिट्ट्यांतही बसू. डाउनी मोठा नट आहे, तो मुखवट्याआडूनही काही करून दाखवेल. आमचं लक्ष मात्र येलिना, सॅम, बॉब आणि रीड-सूच्या त्या लहानग्याकडे असेल. सत्तावीस खुर्च्यांच्या गर्दीत त्यांना स्वतःचा एखादा निर्णय घेऊ दिला आहे, की पाहुण्यांना पाणी आणून द्यायला ठेवलं आहे, ते आम्ही बघणार आहोत.

बरं, डूमच्या बाजूनं बोलणारे मागच्या रांगेत केव्हापासून हात वर करून बसले आहेत. विचारा.