ट्रान्झिटमधून शोधलेली ठाणी

डेमियन ल बा याचं 'द स्टॉपिंग प्लेसेस' (2018) वाचताना मराठी वाचकाला पहिला आनंद होतो तो शब्दांचा. इंग्लंडातल्या रोमानी बोलीत पाण्याला 'पानी' म्हणतात आणि मुक्कामाच्या जागेला 'अचिन तान'. त्यातलं 'तान' म्हणजे आपलं स्थान, ठाणं. मीही हे वाचून लगेच दोघा-तिघांना मेसेज केले. पण तुम्ही पुस्तक घेतलंत तर तिथेच रेंगाळू नका.

ल बा स्वतः रोमानी कुटुंबातला. पणजीकडून ऐकलेल्या मुक्कामाच्या जागा तो शोधत फिरतो, आणि तेही फोर्ड ट्रान्झिट व्हॅनमधून. मला पुस्तकाचं बळ या व्हॅनमध्येच दिसतं. यंत्रं आली आणि भटकं जीवन संपलं, असं आपण ऐकत आलोय. पण कॅलेंडरवरची ती रंगीत, घोड्याची घरगाडी तरी कुठे पुरातन आहे? ब्रिटनच्या रोमानी कुटुंबांत ती आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे ऐन कारखान्यांच्या काळात. त्याआधी वाकवलेल्या फांद्यांवर कापड टाकलेले तंबू होते.

कामं गेली हे खरंच. बिअरला कडवटपणा आणणारी हॉपची फुलं खुडायला दर सप्टेंबरात अख्खी कुटुंबं केंटला जात, पोराबाळांसकट. दुसऱ्या महायुद्धानंतर ते काम हळूहळू यंत्रांकडे गेलं. दारोदार विकायचे लाकडी चिमटे प्लॅस्टिकपुढे टिकले नाहीत. पण त्याच कारखानदारीने भंगारही निर्माण केलं, आणि त्यावर अनेकांची चूल पेटली, कुणाची चाकरी न करता. परत मिळालं नाही ते ठाणं. 1959च्या हायवेज कायद्याने रस्त्याकडेला तळ टाकणं जिप्सींसाठी गुन्हा ठरवलं. 1968च्या कायद्याने जागा देण्याचं बंधन कौन्सिलांवर घातलं, ते 1994मध्ये काढून टाकलं. यात यंत्राचा काय दोष?

दर दोन वर्षांनी पोस्टडॉकचा करार संपतो आणि मी गाव बदलते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं हसत सांगायची सवय होती मला. हे पुस्तक वाचताना जरा ओशाळले. माझ्या हातात प्रत्येक वेळी भाडेकरार असतो.

एक तक्रार आहे. ल बा जागांमध्ये इतका रमतो, की पोटापाण्याचा हिशेब मागे पडतो. लहानपणी तो घरच्यांबरोबर ट्रान्झिटमधून वेस्ट ससेक्सहून हँपशरला फुलं विकायला जायचा. त्या फेऱ्यांवर एक अख्खं प्रकरण असतं, तर मी तेच आधी उघडलं असतं.