यमाची कचेरी आणि कर्माचा नियम

चिनी बौद्ध चित्रकलेत परलोकातील 'दहा राजे' हा विषय शतकानुशतके रंगविला गेला. बाराव्या शतकात निंगबो येथील जिन चुशी या चित्रकाराच्या चित्रशाळेत तयार झालेली दहा चित्रांची मालिका आज न्यूयॉर्क व बोस्टन येथील संग्रहालयांत विभागलेली आहे. राजा अधिकाऱ्याच्या पोशाखात मेजामागे बसलेला, पाठीमागे निसर्गचित्राचा पडदा, बाजूस कारकून, खाली यातना भोगणारे अपराधी. कलादृष्ट्या ही चित्रे थोर आहेत. नरकाच्या भयाइतकेच तेथे कचेरीचे भय दिसते, हे चित्रकाराचे अचूक निरीक्षण होय.

परंतु आशयाचे काय? दर सात दिवसांनी एक असे सात राजे, मग शंभरावा दिवस, पहिले वर्ष आणि तिसरे वर्ष. प्रत्येक तारखेला मृताच्या नातलगांनी दान द्यावे, म्हणजे निकाल सौम्य होतो, ही या चित्रांमागील धारणा आहे. न्यायासनापुढे रदबदली चालते, असे मानल्यावर कर्माचा नियम उरतो कोठे?

पाली देवदूत सुत्तातही यम आहे, मात्र तो प्रश्न विचारतो: वृद्ध, रोगी, मृत पाहूनही तू जागा का झाला नाहीस? हे कर्म तुझ्या आईबापांनी नव्हे, तूच केलेस, असे तो बजावतो. तेथे मध्यस्थाला वाव नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचा जो भाग शिल्लक आहे, तेथे तर न्यायाधीशाचे आसनच नाही. प्रचंड हात चक्र धरून आहेत. विहाराच्या दाराशी असे चित्र काढून भिक्षूने ते लोकांना समजावून द्यावे, असे विनयात सांगितले आहे. चित्राचे काम भिवविणे नव्हे, कार्यकारणभाव शिकविणे हे होते.

हा प्रश्न केवळ चीनचा नाही. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान नाकारले गेले. तरीही ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील आपल्या घरांत पुण्यानुमोदनाचा दिवस चुकला तर मृतास त्रास होईल, अशी कुजबुज कधी ऐकू येते. ती कुजबुज म्हणजे निंगबोच्या कचेरीतील तारीखच होय. पुण्यानुमोदन जिवंतांनी शील आठवावे यासाठी आहे. मृताच्या खटल्याचे ते शुल्क नव्हे. चित्र जरूर पाहावे, त्याची रेषा वाखाणावी. मेजामागील राजापुढे मात्र हात जोडू नयेत.