लोकशाहीचे पेपर कोण तपासतो?

2023 या एकाच वर्षासाठी तीन संस्थांनी आपल्या देशाला तीन वेगवेगळे शेरे दिले. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने 10 पैकी 7.18 गुण आणि 41वा क्रमांक देऊन 'सदोष लोकशाही' म्हटलं. अमेरिकेतल्या फ्रीडम हाऊसने 100 पैकी 66 गुण देऊन 'अंशतः स्वतंत्र' ठरवलं. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या व्ही-डेम प्रकल्पाने तर थेट 'निवडणुका घेणारी एकाधिकारशाही' या वर्गात बसवलं. देश एक, वर्ष एक. एक परीक्षक पास करतो, दुसरा एटीकेटी देतो, तिसरा नापास करतो!

मग आपल्याकडे दोन तट पडतात. एकाला यात परदेशी कारस्थान दिसतं, दुसऱ्याला वेदवाक्य. पुढच्या वर्षी क्रमांक दोन पायऱ्या वर गेला की दोघेही जागा बदलतात, हेही आम्ही पाहिलं आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञानाचे पेपर तपासले. एकाच उत्तरपत्रिकेवर दोन परीक्षकांच्या गुणांत पंधरा-पंधरा मार्कांचा फरक पडतो, आणि फेरतपासणीत आमचेही गुण बदलले गेले आहेत. म्हणून विद्यार्थी ढ ठरत नाही की परीक्षक लबाड ठरत नाही. चांगलं उत्तर कशाला म्हणायचं, याबद्दल दोघांचं एकमत नसतं एवढंच. गॅली या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1956 साली लिहिलं होतं की काही संकल्पनांच्या अर्थाबद्दलचा वाद कधी मिटतच नाही, कारण वाद हा त्यांच्या स्वभावाचाच भाग असतो. त्याच्या उदाहरणांत लोकशाही होती.

याचा पुरावा स्वित्झर्लंडमध्ये मिळतो. 'पॉलिटी' नावाची एक जुनी अमेरिकन मोजणी आहे, उणे 10 ते अधिक 10 अशी. तिने स्वित्झर्लंडला 1848 पासून पैकीच्या पैकी गुण दिले आहेत. आणि तिथल्या बायकांना देशपातळीवर मत मिळालं ते 1971 साली! आपेनझेल इनररोडन या कँटनमध्ये तर स्थानिक मतासाठी 1990 उजाडावं लागलं. म्हणजे सव्वाशे वर्षं निम्म्या प्रौढांना मत नाही, तरी गुण पूर्ण. बेरीज चुकली नव्हती बरं का. सत्ता कशी मिळते, स्पर्धा किती, राज्यकर्त्यावर अंकुश किती, एवढंच मोजायचं ठरलं होतं. मत कोणाला, हा प्रश्नच पेपरात नव्हता. व्ही-डेम मात्र मताधिकार किती प्रौढांना आहे हे मोजतं, त्यामुळे तिथे हाच देश बराच काळ खाली दिसतो.

दुसरी गोष्ट बेरजेची. इकॉनॉमिस्टवाले 60 प्रश्नांना गुण देतात, पाच विभागांची सरासरी काढतात. काही कळीच्या मुद्द्यांवर गुण कापले जातात, पण मूळ रीत भरपाईची: इथे कमी पडलं तर तिथे भरून काढा. मतदान 70 टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण गुण, पण मतदान सक्तीचं असेल तर शून्य. ऑस्ट्रेलिया इथे मार खातो. व्ही-डेमच्या निवडणूक-निर्देशांकात निम्मी बेरीज आणि निम्मा गुणाकार आहे. गुणाकारात एक घटक शून्य झाला की सगळा गुणाकार शून्य. आता सांगा, संघटना काढायचं स्वातंत्र्य भरपूर दिलं तर खोट्या निवडणुकीची भरपाई होते का? हा संख्याशास्त्राचा प्रश्न नाही, नीतिशास्त्राचा आहे, आणि तो सूत्रात गुपचूप सोडवलेला असतो.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या संजीव सान्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी 2022 साली आक्षेप घेतला की हे सगळं मूठभर अनामिक तज्ज्ञांचं मत आहे. आक्षेप रास्त आहे. इकॉनॉमिस्टचा तपासनीस कोण, हे वाचकाला कळत नाही. आमच्या मते या यादीतली तीच सर्वांत कच्ची आणि सर्वांत गाजणारी मोजणी. व्ही-डेमही नावं सांगत नाही, पण प्रश्नवार आकडे आणि अनिश्चिततेची मर्यादा उघड ठेवतं. ती मर्यादा वर्तमानपत्रात येईपर्यंत गळून जाते.

पण मत नको, तर काय हवं? लिटल आणि मेंग या अमेरिकन अभ्यासकांनी सत्ताधारी किती वेळा हरले यासारख्या निव्वळ मोजता येणाऱ्या गोष्टी घेतल्या, तेव्हा जगभरच्या घसरणीला त्यांना फारसा आधार सापडला नाही. हे गंभीरपणे घ्यायला हवं. तरी सत्ताधारी हरला का हे मोजता येतं, संपादकाने बातमी का दाबली हे कसं मोजणार? तिथे कोणीतरी माहीतगार माणूस लागतोच.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणात समता आणि समाजात विषमता, असा विसंगतीचा संसार आपण सुरू करतो आहोत. सत्ता समाजगटांत किती समान वाटली आहे, हे व्ही-डेम विचारतं. पण ते उत्तर जातं समतेच्या वेगळ्या निर्देशांकात. मथळ्यात येणाऱ्या वर्गवारीत नाही.

आणि जे मोजलं जातं तेही बघा. इकॉनॉमिस्टच्या कोष्टकात संसदेत बायका 20 टक्क्यांच्या वर असतील तर पूर्ण गुण, 10 ते 20 असतील तर अर्धा. 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74 निवडून आल्या, म्हणून आपला अर्धा गुण. आपल्या राज्यात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. गावापुरतं असंच कोष्टक केलं तर तिथे पूर्ण गुण पडतील. आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसलेले असतील सरपंचपती. सही बाईंची, निर्णय त्यांचा. गोथेनबर्गच्या तज्ज्ञाला हे दिसणं कठीण आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मात्र ते पाहिलेलं असणार. आयोजक घड्याळ दाखवताहेत, तर आता प्रश्न घेऊ.