क्षयाचे संशोधन आणि भुकेची साक्ष

वैद्यकीय संशोधन हा साहित्य नि समाजचिंतनाच्या नियतकालिकाचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या लेखनात माणसांची वजने नोंदली जातात, कोण जगले नि कोण मेले याचा हिशेब मांडला जातो आणि त्या हिशेबावरून उद्या कुणाला काय मिळावे हे ठरते, ते लेखन कादंबरीपेक्षाही काळजीने वाचले पाहिजे. आपण धर्मग्रंथ तपासले, इतिहास तपासला, मराठी साहित्याची प्रस्थापित मूल्ये तपासली. वैद्यकशास्त्राचे कागद मात्र डॉक्टरांवर सोपवून आपण मोकळे झालो. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातला पहिला पदवीधर आहे. शब्द कसे वापरले जातात आणि कुणाविरुद्ध वापरले जातात, एवढे ओळखण्याचे शिक्षण मला मिळाले आहे. तेवढ्याच अधिकाराने मी हे लिहीत आहे.

१

ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' आणि 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत झारखंडमधील एका संशोधनाचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. 'रेशन्स' या नावाने ते ओळखले जाते. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी हे त्याचे कर्ते. फुप्फुसाचा क्षय झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे या अभ्यासात होती. रुग्ण कोणत्याही गटातला असो, त्याला औषधाबरोबर शिधा मिळाला. घरच्यांचे मात्र दोन गट केले गेले. एका गटाला माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटातील घरच्यांना यातले काही नाही. पुढे कुणाला क्षय होतो यावर लक्ष ठेवले गेले.

शिधा मिळालेल्या गटात ५,६२१ माणसे होती. त्यांतील ९६ जणांना क्षय झाला. शिधा न मिळालेल्या गटात ४,७२४ माणसे होती. त्यांतील १२२ जणांना झाला. माणसे कमी आणि रोगी जास्त. सर्व हिशेब करता शिध्यामुळे क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले; प्रयोगशाळेत जंतू सापडून सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. रुग्णांची स्थितीही बोलकी आहे. दहांपैकी आठ रुग्ण वजनाने कमी होते, आणि जवळजवळ निम्मे अतितीव्र कुपोषित. ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

ही लस नव्हे, परदेशातून आलेले महागडे यंत्र नव्हे. तांदूळ आणि डाळ.

२

हे आकडे मी तटस्थपणे वाचू शकलो नाही, आणि तसा आव आणणारही नाही.

माझे वडील ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातले आमचे गाव दिवाळी झाली की निम्मे रिकामे होते. २००३ साली, मी सातवीत असताना, वडिलांना क्षय झाला. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन, कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या, अशी तेव्हाची पद्धत. दोन महिने त्यांनी ती पाळली. मग मुकादमाचा ट्रक आला. उचल आधीच घेतलेली होती नि खाऊनही झालेली होती. वडील कोयता घेऊन गेले. गोळ्या दवाखान्यात राहिल्या.

पाडव्याच्या सुमारास ते परतले तेव्हा हाडे मोजता येत होती. दवाखान्यात त्यांच्या कार्डावर लाल शाईने एक इंग्रजी शब्द लिहिला गेला : डिफॉल्टर. घरी येऊन त्यांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी गुरुजींच्या शब्दकोशात पाहिला आणि सांगितला : कर्ज बुडवणारा. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उचल तं समदी फेडून आलोय की."

त्यांना पुन्हा आठ महिन्यांचे औषध सुरू झाले. त्यातले पहिले दोन महिने इंजेक्शनेही. डॉक्टर भले होते. त्यांनी बजावले : दूध, अंडी, मटण, फळे खा, त्याशिवाय अंगी लागायचे नाही. आई म्हणाली, "गोळ्या लिहून देता सायेब, तशी अंडी बी लिहून द्या की." डॉक्टर हसले. तिने विनोद केला असे त्यांना वाटले असावे.

वडील वाचले. आमच्या घरात जे काही बरे शिजत होते ते आधी त्यांच्या ताटात जाई, मग आम्हा मुलांच्या. थोरली बहीण आईबरोबर शेवटी जेवायची. दोन वर्षांनी ती खोकू लागली. २००६ च्या पावसाळ्यात ती गेली. सोळा वर्षांची होती. संशोधनाच्या भाषेत ती 'हाउसहोल्ड काँटॅक्ट' होती. त्या निबंधातील १२२ या आकड्यापाशी मी थांबलो तो यासाठी. माझी बहीण शिधा न मिळालेल्या गटातलीच होती. फक्त तो गट कुणा संशोधकाने पाडलेला नव्हता.

३

मग प्रश्न असा की, इतकी साधी गोष्ट सिद्ध व्हायला २०२३ साल का उजाडावे लागले? याचे उत्तर शोधताना आपल्याला पुन्हा आपल्याच देशात, मद्रासला यावे लागते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये शोधला. औषध मिळायला १९४० चे दशक यावे लागले. मधल्या काळात श्रीमंतांसाठी आरोग्यधाम होते : विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार. १९५६ मध्ये मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या वस्तीतील घरीच. औषध दोघांनाही तेच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेल्यांचे अन्न निकृष्ट होते, विश्रांती कमी होती. तरी दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले.

या प्रयोगाचे ऋण मी नाकारत नाही. त्याने आरोग्यधामाची मक्तेदारी मोडली. मजुराला घरदार सोडून वर्ष-वर्ष खाटेवर पडण्याची गरज उरली नाही. जगभरच्या गरिबांपर्यंत औषध पोचले ते या निष्कर्षामुळे. परंतु प्रयोगाने विचारलेला प्रश्न एक होता आणि त्याच्या उत्तरातून घेतला गेलेला धडा दुसराच. प्रश्न होता : औषध नीट घेतले तर रोगी घरी बरा होतो काय? उत्तर होते : होय. धडा मात्र असा घेतला गेला की, क्षयाच्या कामात अन्न ही दुय्यम बाब आहे. रोग बरा कशाने होतो हा एक प्रश्न आणि रोग मुळात कुणाला होतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर चिकटवले गेले. ते इतकी वर्षे टिकले, कारण ते व्यवस्थेच्या सोयीचे होते. गोळी पुरवणे हे सरकारला पेलणारे काम आहे. भूक मान्य केली की जमीन, मजुरी, रेशन आणि जात या सगळ्यांचा जाब द्यावा लागतो.

४

येथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दलही बोलले पाहिजे. हे संशोधन मी एका अभ्यासवर्गात सांगितले तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, "यात नवीन काय? आम्हाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे." टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या खटकल्या.

आम्हाला ठाऊक होते हे अर्धसत्य आहे. भूक माणसाला पोखरते हे आमच्या वस्तीला ठाऊक होते. पण हा रोग घराण्यातच असतो, हेही ठाऊक होते. कुणीतरी करणी केली हेही ठाऊक होते. माझ्या बहिणीला आधी देवऋषाकडे नेले, मग दवाखान्यात. वडिलांचे ताट-वाटी आम्ही वेगळी ठेवली होती, जणू आपणच आपल्या घरात शिवाशीव आणली. यातले खरे काय नि खोटे काय हे नुसत्या अनुभवाने ठरत नाही. अनुभव ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती आकड्यांनी आणि युक्तिवादाने. वेदनेचे भांडवल करून ते तेथे गेले नव्हते. दलित साहित्याने अनुभवाच्या प्रामाण्यासाठी झगडा केला, तो योग्यच होता. पण अनुभव आला की अभ्यास नको, असा त्याचा अर्थ लावणे ही आत्मवंचना होय.

म्हणून 'रेशन्स'च्या कर्त्यांचे काम मी महत्त्वाचे मानतो. त्यांनी भुकेला पुराव्याचा दर्जा मिळवून दिला. तरीही एक आक्षेप नोंदवणे भाग आहे. ज्या घरात क्षयाचा रोगी आहे नि माणसे उपाशी आहेत, त्या घरच्यांना तुलनेसाठी शिध्याविना ठेवणे न्याय्य होते काय? संशोधकांच्या बाजूने असे म्हणता येईल की, त्यांनी कुणाच्या तोंडचा घास काढला नाही. जे शासन देत नव्हते तेच दुसऱ्या गटाला मिळाले नाही. महासाथीच्या काळात रेशनकार्डावर जादा धान्यही येत होते. हे मान्य करूनही मी म्हणेन की, असा पुरावा एकदाच मागता येतो. यापुढे प्रत्येक राज्यात नव्याने सिद्ध करा असे कुणी म्हणू लागले तर ते संशोधन नव्हे, चालढकल ठरेल. तेच ते पुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी उपाशी माणसावर नाही.

५

आता भाषेकडे वळू. 'डिफॉल्टर' आणि 'सस्पेक्ट', म्हणजे संशयित, हे शब्द क्षयाच्या कारभारात वर्षानुवर्षे चालले. एक शब्द सावकाराच्या वहीतला, दुसरा पोलीस ठाण्यातला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या सुमारास हे शब्द बदलले. बदल चांगला आहे. पण शब्द बदलल्याने नाते आपोआप बदलत नाही. आज रुग्ण 'लाभार्थी' झाला आहे. लाभ कसला? जगण्याचा?

झारखंडच्या निबंधात संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज ही नावे येतात. अभ्यासातील जवळजवळ दोन-तृतीयांश माणसे आदिवासी होती. नावे आली, हे बरे झाले. परंतु जमिनीखाली कोळसा नि लोखंड असलेल्या मुलुखातली माणसेच इतकी हडकुळी का, हा प्रश्न त्या निबंधाच्या बाहेर राहतो. औषधशास्त्राच्या निबंधाने तो सोडवावा अशी माझी अपेक्षा नाही. मात्र वाचकाने तो विचारलाच पाहिजे.

त्यासाठी दुसरे एक संशोधन शेजारी ठेवून वाचावे. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा निबंध २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी माणसांच्या पाहणीवर तो आधारलेला आहे. त्यात महाराष्ट्र नाही, झारखंड आहे. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी, मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी, असे तो दाखवतो. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे : आर्थिक स्थितीतील फरकाने या तफावतीचा निम्माही भाग उलगडत नाही.

गरिबी हटली की सारे ठीक होईल, असे आपल्याला डावीकडून नि उजवीकडून सांगितले गेले. हा निबंध सांगतो की, दोन माणसे सारखीच गरीब असली तरी त्यांचे मरण सारखे नसते.

६

शिध्याच्या प्रश्नावर शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ पासून क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. २०२२ मध्ये 'निक्षय मित्र' आले. कुणी व्यक्ती वा संस्था रुग्णाला 'दत्तक' घेते नि शिध्याची टोपली देते. पुढे घरच्यांनाही तीत सामावून घेण्याचे ठरले. देणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण संशोधनाने अन्नाला औषधाच्या पंक्तीला बसवले आहे. गोळी देताना आपण दाता शोधत नाही; ती रुग्णाचा हक्क म्हणून देतो. मग अन्नासाठीच दाता का? वाढणाऱ्याच्या मर्जीवर जेवण्याचा अनुभव आमच्या समाजाला नवा नाही. त्यातून बाहेर पडण्यासाठीच एवढा लढा झाला.

शिधा कोणता, हाही प्रश्न आहे. आमच्या समाजांनी प्रथिने कशातून मिळवली याचा लेखाजोखा शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथात मांडला. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाला परवडणारे एक मांस बाजारातून गेले. एका हाताने प्रथिनांचा सल्ला द्यायचा नि दुसऱ्या हाताने ताटातले काढून घ्यायचे, याला आरोग्यधोरण म्हणता येत नाही.

२०२५ पर्यंत देशातून क्षय हटवण्याची घोषणा झाली होती. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक आजही भारतात आहे.

कार्यकर्त्यांनी मागणी करावी ती एवढीच : रोग्याच्या घरातील प्रत्येकाला शिधा, हक्काने, आणि हंगामात गाव सोडणाऱ्यांना तो जिथे कोपी पडेल तिथे. शिक्षकांनी नि विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. ज्यांची वजने घेऊन हे निबंध लिहिले जातात त्यांच्यापर्यंत हे निबंध पोचत नाहीत. ते मराठीत आणावेत, वस्तीत वाचून दाखवावेत, नि ऐकणाऱ्यांच्या शंका लिहून घ्याव्यात. त्यांतली एखादी शंका पुढच्या संशोधनाचा प्रश्न असू शकते.

मी माझ्यापुरती सुरुवात केली. दोन्ही निबंधांचा सारांश आईला वाचून दाखवला. तिने विचारले, "मंग आता अंडी लिहून देत्यात का?"

मी म्हणालो, अजून नाही.