सुतकातील शृंगार : ‘साबर बोंडं’ची सामर्थ्ये आणि मर्यादा

शृंगार आणि करुण हे परस्परविरोधी रस होत, असे संस्कृत साहित्यशास्त्राने मानले. आणि या विरोधाचा परिहार कसा करावा याचीही चर्चा केली. एका रसाला अंगी करून दुसऱ्याला त्याचे अंग करावे, हा आनंदवर्धनाने सांगितलेला एक मार्ग. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट या जुन्या चर्चेला अनपेक्षितपणे नवे उदाहरण पुरवतो. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. पारितोषिकामुळे त्याच्याविषयी जे बोलले गेले ते बहुतांशी विषयाच्या धाडसाविषयी होते. धाडस हा कलामूल्याचा निकष नव्हे. या चित्रपटाचे खरे बळ त्याच्या रचनेत आहे, आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे.

कथासूत्र अगदी साधे आहे. मुंबईत नोकरी करणारा तिशीतला आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर मूळ गावी येतो. दहा दिवसांचे सुतक. अंगावर काय असावे, पानात काय असावे याचे नियम. त्यात भावकीचा एकच धोशा : लग्न कधी? आनंदला स्त्रीविषयी आकर्षण नाही, हे आईला ठाऊक आहे. वडिलांनाही ठाऊक होते. गावात बाळ्या नावाचा बालमित्र आहे. तो शेतकरी, अविवाहित, आणि त्याच्याही मागे लग्नाचा तगादा. या दोघांत जे जुने होते ते या दहा दिवसांत पुन्हा रुजते.

येथे मराठीतील पूर्वपरंपरा आठवते. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (१९८१) मित्राच्या प्रेमाची परिणती आत्मनाशात होते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत (२००६) भाऊ आणि बहीण दोघेही ज्याच्यावर प्रेम करतात तो भाडेकरू नाहीसा होतो आणि उरते ती दोन निवेदनांतली पोकळी. म्हणजे असे प्रेम मराठी साहित्यात आले ते शेवटी मरण किंवा परागंदा होणे सोबत घेऊन. ‘साबर बोंडं’मध्ये मृत्यू आहे, पण तो शेवटी नाही, आरंभी आहे, आणि तो प्रेमिकांपैकी कोणाचा नाही, बापाचा आहे. एवढ्या एका स्थलांतराने संपूर्ण रूपबंध बदलतो. प्रेमाची शिक्षा म्हणून येणारा मृत्यू येथे प्रेमाची पार्श्वभूमी होतो.

सुतकाची निवडही केवळ ग्रामीण रंग भरण्यासाठी केलेली नाही. सुतकातील माणसाला आपली परंपरा स्पर्शापासून दूर ठेवते. ज्याला त्या वेळी कोणी जवळ घेतले पाहिजे, नेमके त्यालाच शिवायचे नसते. या निषिद्ध अवकाशात बाळ्याचा स्पर्श येतो, तेव्हा तो एकाच वेळी सांत्वनाचा आणि कामनेचा असतो, आणि त्यातले सांत्वन कोठे संपते व कामना कोठे सुरू होते हे चित्रपट सांगत नाही. शृंगार येथे करुणाचे अंग बनतो, पण आपले स्वत्व न गमावता. पार्श्वसंगीत नाही, विकास उर्स यांचा कॅमेरा बहुधा स्थिर. प्रेक्षकाला काय वाटावे हे सुचवणारे कोणी नसल्यामुळे वाटण्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांचा अभिनय या संयमाला शोभणारा आहे. जयश्री जगताप यांची आई तर बोलण्यापेक्षा ऐकण्यातून उभी राहते.

शीर्षकातील प्रतिमाही याच रचनेतून आलेली आहे. साबराचे बोंड काट्यांनी वेढलेले, आतून लालभडक आणि गोड. बालपणी आनंदला आवडणारी ही बोंडे बाळ्या त्याच्यासाठी आणतो. प्रतिमा उघड आहे. थोडी अधिकच उघड. मात्र चित्रपट तिच्यावर भाष्य करीत नाही, म्हणून ती तगते.

या संयमाचे मोल थाई दूरचित्रवाणीवरील पुरुषप्रेमाच्या मालिकांशेजारी ठेवून पाहिले की अधिक कळते. मराठी तरुण प्रेक्षकही आता त्या उपशीर्षकांसह पाहतो. ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ (२०२०) ही त्यांतली निवडक मालिका. फुकेत या बेटावर चिनी भाषा शिकणारे दोन विद्यार्थी, त्या शहराचा चिनी-थाई वारसा, पुन्हापुन्हा येणारे तांबडे जास्वंद. तीही आपल्या मातीला धरून आहे. पण अश्रूंचा तेथे इतका सुकाळ, की पाचव्या भागापर्यंत दुःखाचे चलन घसरते. त्या प्रकारातील अन्य अनेक मालिकांत तर समाज जवळजवळ हद्दपारच झालेला असतो. प्रेमिकांना अडवायला एखादा गैरसमज तेवढा उरतो. ज्या जानेवारीत ‘साबर बोंडं’ गौरवला गेला त्याच महिन्यात थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा अमलात आला. आपल्याकडे २०१८ मध्ये असे संबंध गुन्हा उरले नाहीत. विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला. कानवडे यांना समाज वगळण्याची सोय नव्हती, आणि ती त्यांनी मागितलीही नाही.

तरीही एक सोय त्यांनी घेतलीच आहे. आई-वडिलांची स्वीकृती कथा सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली आहे. ती कशी घडली, किती रात्रींनंतर, कोणत्या शब्दांत, हे पडद्याबाहेर राहते. परिणामी खरा संघर्ष घराच्या उंबरठ्याबाहेर, भावकीच्या कुजबुजीत ढकलला जातो, आणि भावकी मात्र सामुदायिक आवाजापलीकडे फारशी जात नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दृष्टिकोण सतत आनंदचा. बाळ्याचे घर आपल्याला आनंदच्या अंतरावरूनच दिसते. या नात्याला पुढे जागा असेल तर ती मुंबईतच, असे चित्रपट सुचवतो. पण गाव सोडण्याची किंमत मोजणारा तर बाळ्या आहे! चित्रपटातील गाव माणदेशातले नव्हे, तरी म्हसवडच्या प्रेक्षकाला ते परके वाटणार नाही. कोरडवाहू रान, शेळ्या, आणि लग्नाभोवती फिरणारे सारे गावजीवन. म्हसवडला तर ग्रामदैवत सिद्धनाथाचेही जोगेश्वरीशी दरवर्षी लग्न लागते. तेथे अविवाहित पुरुषाकडे गाव कोणत्या नजरेने पाहील हे सांगणे नको. या टापूला गाव सोडण्याची कथाही जुनीच. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ वाडी रिकामी करतो, गलाईच्या धंद्यासाठी माणदेशी माणूस देशभर पांगला. ‘जगायला जाणे’ हा शब्दप्रयोग येथे पावसाशी जोडलेला आहे. ‘साबर बोंडं’मध्ये प्रेमालाही त्याच वाटेने जगायला जावे लागते, हे विदारक आहे. पण चित्रपटाला ते विदारक वाटते, की सुटकेचे? सुटकेचे वाटत असावे, असे शेवटच्या भागाची सौम्यता पाहता म्हणावे लागते. साबर पाण्यावाचून तगते, आणि ते वाढते माळावरच. ज्या प्रतिमेने चित्रपटाचे नाव घडवले, तिचा हा अर्धा अर्थ बाळ्याच्या वाट्याला आलेला नाही.