पाऊण गुंठ्याचा खेळ

कवितेचं रसग्रहण होतं, बंदिशीचं होतं. इथे ते एका प्लास्टिकच्या बादलीचं करायचं आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक गावाबाहेर डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ३ मे २००० रोजी ही बादली रानात अर्धवट पुरून ठेवली. आत सॉफ्टवेअरच्या सीडी, व्हिडिओ, पुस्तक, थोडे पैसे, एक बेचकी आणि बीन्सचा एक सीलबंद डबा. सोबत नोंदीची वही. मग जागेचे अक्षांश-रेखांश त्याने जगजाहीर केले: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. अट एवढीच, की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत लिहा. ६ मेपर्यंत बादली दोनदा सापडली होती. नोंद मात्र एकाचीच, माईक टीगची. दुसरा कोण, काय घेऊन गेला, काय ठेवून गेला, वहीला पत्ता नाही. लपवलेला डबा अक्षांश-रेखांशावरून हुडकण्याच्या या छंदाला जिओकॅशिंग हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस मिळालं.

या ऐवजात माझं मन बसलं ते बीन्सच्या डब्यावर. खजिना म्हटला की माणूस सजवायला बसतो. उल्मरने मात्र घरात हाताला लागेल ते उचललेलं दिसतं. आजच्या नियमांनी तपासली तर ही बादली पहिल्याच फटक्यात नापास. जमीन खणायची नाही, खाण्याची वस्तू ठेवायची नाही (वासाने जनावरं येतात आणि डबा फोडतात), शस्त्रासारखं काही ठेवायचं नाही. छंदाचा आद्यग्रंथच व्याकरण मोडून लिहिलेला आहे, आणि त्यामुळे तो वाचायला अजून ताजा वाटतो.

पण खरी गंमत तारखेत आहे. तोपर्यंत अमेरिकेचं लष्कर नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या संदेशात मुद्दाम खोट घालत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती खोट मे २०००च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री काढून टाकली गेली, आणि उल्मरने लगेच बादली उचलली. शंभर मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ आठ एकर. तेवढ्या रानात बादली हुडकणं हा छंद होऊ शकत नाही, ती शिक्षा होते. चूक दहा मीटरवर आली की तेच वर्तुळ तीन गुंठ्यांचं होतं. आजचा बरा मोबाइल उघड्या आभाळाखाली पाच मीटरपर्यंत आणून सोडतो, म्हणजे पाऊण गुंठा.

सगळा खेळ त्या पाऊण गुंठ्यात आहे. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह तुम्हाला जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून नेमक्या तेवढ्या तुकड्यापर्यंत आणतात आणि तिथे हात वर करतात. पुढे यंत्राचा बाण वेड्यासारखा फिरू लागतो. जाणता माणूस तिथे मोबाइल खिशात टाकतो आणि डोळे उघडतो. ही चूक उद्या शून्यावर आली, बोट ठेवावं तिथेच डबा निघू लागला, तर छंदातली अर्धी मजा त्याच दिवशी संपेल. यंत्रांच्या बाबतीत असं क्वचित म्हणता येतं, पण इथे अचूकतेला योग्य जागी थांबण्यात शहाणपण आहे.

मुरलेला खेळाडू अक्षांश-रेखांशाचा शेवटचा आकडा चवीने वाचतो. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण मोजला तर साधारण १.८५ मीटर. पूर्व-पश्चिमेला मात्र तोच आकडा जागेप्रमाणे बदलतो, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात. उल्मरच्या बादलीपाशी तो १.३ मीटर होता, आमच्या इचलकरंजीत पावणेदोनच्या वर भरतो. शेवटच्या घरात एकाने चुकलात तर ओरेगनमध्ये लांब ढांग टाकून भागेल. इथे वर आणखी अर्धं पाऊल.

इचलकरंजीत पाऊण गुंठ्याचे दोन-तीन गुंठे व्हायलाही वेळ लागत नाही. यंत्रमागाच्या शेडांमधल्या अरुंद बोळात उभे राहा. दोन्ही बाजूंना भिंती, वर पत्रे, आभाळाची एक पट्टी. उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून वाट वाकडी करून येतो आणि मोबाइलला वाटतं, तुम्ही पलीकडच्या गल्लीत आहात. त्यात पाळ्या रात्रंदिवस. रस्ता सुनसान असा कधी नसतोच. या खेळाच्या इंग्रजी बोलीत खेळ न कळणाऱ्या बाहेरच्या माणसाला हॅरी पॉटरमधला शब्द उचलून ‘मगल’ म्हणतात आणि त्याची नजर चुकवून डबा काढणं हे कौशल्य मानतात. आपल्याकडे नजर चुकवणार कुणाची? खाली वाकून दोन मिनिटं झाली, की मागून आलंच, “काय हुडकालाय?” काही हरवलंय असं सांगावं, तर चौघे जण कामं टाकून सोबत वाकतात. इथे हा खेळ एकट्याचा राहणं कठीण, आणि मला तो दोष वाटत नाही.

आता डब्याकडे येऊ. अमेरिकेतल्या जुन्या खेळाडूंचं प्रेम लष्कराच्या काडतुसांच्या लोखंडी पेटीवर. झाकणाला रबराची पट्टी, कडी खाली दाबली की पाण्याचा थेंब आत जात नाही. दुसऱ्या टोकाला नॅनो: करंगळीच्या नखाएवढी गोल डबी, बुडाला लोहचुंबक, आत कागदाची बारीक पट्टी गुंडाळलेली. ती लोखंडी कठड्याला चिकटवली की बोल्टचं डोकं वाटते. मधल्या जागेत फिल्मच्या रोलच्या जुन्या डब्या, ज्या दिसतात पक्क्या आणि पावसात दगा देतात. आपल्या जून-जुलैपुढे तर त्यांची नोंदपट्टी आठवड्यात लगदा होईल. म्हणून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या आणि कोरड्या कागदाची जादा पट्टी हवीच. चिमटा हवा, कारण नॅनोतली पट्टी बोटांना दाद देत नाही. विजेरी, काठीला बांधलेला छोटा आरसा (बाकाच्या खालून बघायला), हातमोजे. आणि पेन. पेन विसरलेला खेळाडू डबा हातात घेऊन हळहळत बसतो, कारण वहीत नाव नाही तर डबा सापडलाच नाही असा शिरस्ता आहे.

डबा लपवणारा त्याला दोन श्रेणी देतो, एक शोधण्याच्या कठीणपणाची, दुसरी वाटेच्या कठीणपणाची. दोन्ही एकपासून पाचपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने. नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी प्रकार होतात आणि ते सगळे पुरे करण्यामागे लागलेली माणसं आहेत. मला त्या हिशेबात रस नाही. पण एक श्रेणी मला फार बोलकी वाटते: वाट एक, शोध पाच. म्हणजे व्हीलचेअर थेट जाईल अशी जागा, आणि तरी डबा दिसत नाही. लपवणाऱ्याची खरी कसोटी तीच. डोंगरावर चढवून दमवणं कुणालाही जमतं.

यानंतर येतं किडूकमिडूक, आणि इथे जरा कठोर व्हायला हवं. बरोबरीचं किंवा वरचढ ठेवा, नाहीतर घेऊच नका, असा अलिखित नियम आहे आणि तो बहुतेक डब्यांत मोडलेला दिसतो. पहिला येणारा चांगली वस्तू उचलतो, त्याबदली बरी ठेवतो. दहावा येईपर्यंत आत तुटकी खेळणी, गंजलेलं नाणं आणि कुठल्यातरी दुकानाचं कार्ड उरतं. अदलाबदलीने डबा गरीब होत जातो. यावर खेळाने काढलेला तोडगा मात्र देखणा आहे. धातूचा एक बिल्ला, त्यावर स्वतःचा क्रमांक, आणि तो ज्या वस्तूला अडकवला ती कुणाच्याच मालकीची राहत नाही. तुम्ही ती घ्यायची ती पुढच्या डब्यात नेऊन ठेवण्यासाठीच. ती कुठून कुठे गेली याची नोंद होत जाते. उल्मरच्या बादलीतला बीन्सचा डबाही पुढे सापडला आणि असाच क्रमांक घेऊन फिरतीला लागला. जी वस्तू त्या दिवशी कुणालाच नको होती, तिच्या दर्शनाला आता माणसं जमतात.

यात नवं काही नाही, असं इंग्लंडातल्या डार्टमूरचे लोक म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली तिथल्या क्रॅनमिअर पूल या आडजागी बाटली ठेवली. दलदल तुडवत तिथवर पोचलेल्याने आपलं भेटकार्ड तीत टाकायचं. पुढे लोक स्वतःवर पत्ता घातलेली पत्रं ठेवू लागले आणि नंतर येणाऱ्याने ती पोस्टात टाकायची अशी रीत पडली. त्यातून निघालेल्या छंदात प्रत्येकाचा रबरी शिक्का असतो. डब्यातला शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का डब्याच्या वहीत. देणं-घेणं झालं आणि डबा होता तेवढाच राहिला. रसिक म्हणून मला हा व्यवहार जिओकॅशिंगच्या खेळण्यांपेक्षा कितीतरी सुबक वाटतो.

इचलकरंजीने डब्यात ठेवावं काय? माझं मत कांडीला. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि गावाचा पुढचा इतिहास धोट्याच्या खडखडाटात झाला. आता धोट्याविना चालणारे रेपिअर आणि एअरजेट आले आहेत, जुने माग भंगारात निघतात आणि त्यांच्याबरोबर धोटे, कांड्याही. धोटा हातात घेऊन पाहा. गुळगुळीत झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी अणी, पोटात लांबट खोबण. त्या खोबणीत कांडी बसते आणि तिच्यावरचं सूत बाजूच्या डोळ्यातून बाहेर पडतं. कांडी एका टोकाला निमुळती, अंगावर बारीक वळ्या, म्हणजे सूत घसरू नये. आणि आतून पोकळ. ही पोकळी पाहिली की खेळाडूचा हात शिवशिवतो, कारण नोंदीची पट्टी गुंडाळून आत सरकवायला ती आयती आहे. दोन्ही टोकांना रबराचं बूच मारलं की कांडी हाच डबा. शेडबाहेर पडलेल्या कांडीकडे या गावात कोण वळून बघतो? लपवणं म्हणतात ते हे. अडचण एकच: पहिल्या झाडलोटीत ती कचऱ्यात जाणार, नाहीतर भंगारवाल्याच्या पोत्यात.

तेव्हा जागा नीट निवडायला हवी. पंचगंगेचा घाट मोहात पाडतो, पण २०१९ आणि २०२१चा पूर ज्याने पाहिला तो तिथे काही ठेवणार नाही. एसटी स्टँड तर नकोच. बेवारस वस्तूला हात लावू नका अशा सूचना ऐकतच आपण वाढलो. गाडग्यात किंवा बाकाखाली गुपचूप ठेवलेली डबी पोलिसांचा आणि बॉम्बशोधक पथकाचा दिवस खाईल, आणि चूक त्यांची नसेल. भारतात हा छंद विरळ राहिला त्याची इतरही कारणं असतील. मला हे मोठं वाटतं. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी असं खेळाचे नियमही सांगतात.

माझी पसंती आपटे वाचन मंदिराला, अर्थात ग्रंथपालांनी होकार दिला तर. वाचनालयातल्या डब्यांचा एक जुना प्रकार जगभर आहे: अक्षांश-रेखांश दारापर्यंत आणतात, आणि छताखाली उपग्रहांचं काही चालत नाही. तिथून पुढे पुस्तकाचा वर्गीकरण क्रमांक, त्यावरून कपाट, कपाटातून फळी. आत पाऊस नाही, पूर नाही, झाडलोटीची भीती नाही, आणि “काय हुडकालाय?” असं कुणी विचारलंच तर “पुस्तक” हे उत्तर खोटं नाही. कोडं रचायचं तर गायक पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं जन्मवर्ष घ्यावं, १८४९. त्याचे चार आकडे त्या क्रमांकात चपखल विखुरता येतील.

राहिला इशारा. अडलेल्यासाठी प्रत्येक डब्याबरोबर एक ओळ असते, ती चुकून वाचली जाऊ नये म्हणून गुप्त लिपीत. रोमनची सव्वीस अक्षरं आहेत, प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं; उलगडायला पुन्हा तेरा घरं. देवनागरीत हा हिशेब बसत नाही. मोडीत लिहावं तर ती येणारे थोडे. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत शिकलेली च-ची भाषा कुणी विसरलेलं नाही, आणि ती या कामाला पुरेशी पडदानशीन आहे. वाचन मंदिरातल्या कांडीसाठी इशारा असा चालेल: चालच्याख चळीवरफ.